बडोद्याच्या प्रतीतला आयजीआय

२५ फेब्रुवारी २०२५ रोजी वॉर्नर ब्रदर्सने आपले तीन गेम स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांतला एक मोनोलिथ प्रॉडक्शन्स. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावात १९९४ साली निघालेला हा स्टुडिओ आमच्या पिढीला ‘ब्लड’, ‘शोगो’, ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’ आणि ‘फिअर’मुळे ठाऊक होता. नंतरच्या मुलांना तो ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’मुळे कळला. बंद होताना तिथे वंडर वुमनवरच्या गेमचं काम चालू होतं, तेही थांबलं. बातमी बडोद्यात पोचायला एक रात्रसुद्धा लागली नाही. बँकेत, रिफायनरीत, शाळा-कॉलेजांत नोकरी करणारी, आता चाळिशीला आलेली माणसं एकमेकांना विचारू लागली: तुझ्याकडे ‘फिअर’ची डिस्क आहे का रे अजून?

त्याच बोलण्यातून दुसऱ्या एका स्टुडिओचं नाव निघालं. इनरलूप, नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातला. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ त्यांनी केला. डिसेंबर २००० मध्ये आलेला हा गेम खेळला नाही असा आमच्या पिढीतला, संगणकाला हात लागलेला भारतीय मुलगा शोधावा लागेल. इनरलूप २००३ मध्ये बंद पडला. त्या वर्षी बडोद्यात आयजीआय घरोघरी चालू होता, आणि तो बनवणाऱ्यांनी दुकान आवरलं आहे हे इथे कुणाला कळलं नाही. कळणार तरी कसं? बनवणाऱ्यांचं नाव असलेलं खोकं इथल्या बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं. मोनोलिथसाठी हळहळ एका रात्रीत आली, इनरलूपसाठी ती वीस वर्षांनी आली. या दोन बातम्यांमधलं अंतर मला स्वस्थ बसू देईना. बडोद्यातल्या खेळणाऱ्यांच्या आठवणींचा हा संग्रह त्यातून उभा राहिला.

ज्यांनी तो गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या लेखांचा सगळा जीव या तपशिलात आहे.

डेव्हिड जोन्स नावाचा माजी ब्रिटिश कमांडो एकटाच शत्रूच्या तळात शिरतो. चौदा मोहिमा. पहिली रेल्वेच्या यार्डात. कानात ॲन्या नावाच्या सहकारी बाईचा आवाज, हातात एक छोटा संगणक, त्यात उपग्रहावरून दिसणारा त्या जागेचा नकाशा. हा नकाशा चालू असताना त्यात पहारेकरी हलताना दिसत. तो हवा तेवढा जवळ आणता येई. दुर्बिणीने टेहळणी करायची, पहारा कुठून वळतो ते पाहायचं, कुंपण ओलांडायचं, कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटायचं, पहारेकऱ्याच्या खोलीतल्या संगणकावरून तो कॅमेरा बंद करायचा. चूक झाली की भोंगा वाजे आणि बराकीतून सैनिक येतच राहत. तो भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना तो आजही ओळखता येईल. औषधाची सिरिंज एखाद्या कपाटात सापडली तर सापडली. आणि मोहिमेच्या मध्यावर गेम सेव्ह करायची सोय नाही. पाऊण तास सरपटत जाऊन शेवटच्या दारात गोळी लागली, तर पुन्हा पहिल्या कुंपणापासून.

त्याच्या आधीचे बहुतेक नेमबाजीचे गेम बंदिस्त होते. १९९२ चं ‘वोल्फेनस्टाइन थ्रीडी’, १९९३ चं ‘डूम’, १९९६ चं ‘क्वेक’: बोळ, दार, किल्ली, पुढचा बोळ. टेक्ससमधल्या इड सॉफ्टवेअरच्या मंडळींनी त्या बोळांतून जो वेग निर्माण केला त्याला तोड नाही, पण आभाळ त्यांत नावापुरतं होतं. आयजीआयमध्ये डोंगरावरून पलीकडचा सबंध तळ दिसे. एवढी दूरची नजर कुठून आली? इनरलूपने त्याआधी १९९७ मध्ये ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा लढाऊ विमान उडवण्याचा गेम केला होता. विमानातून मैलोन्‌मैल जमीन दिसावी म्हणून जी यंत्रणा घडवली, तिच्याच पायावर त्यांनी माणसाला जमिनीवर उतरवलं. म्हणून आयजीआयमधली अंतरं खरी वाटत. टेकडीवर पालथं पडून दूरचा एक ठिपका हलतोय का ते पाहण्यात मिनिटंच्या मिनिटं जात. मला वाटतं, गोळीबारापेक्षा हे पाहणंच लोकांच्या मनात जास्त राहिलं आहे.

परदेशी समीक्षकांनी त्या वेळी या गेमला मधलेच गुण दिले. सेव्ह नाही, एकमेकांशी खेळण्याची सोय नाही, शत्रूची अक्कल यथातथा, अशा तक्रारी होत्या आणि त्या खऱ्याही होत्या. त्याच महिन्यांत बाजारात काय काय आलं पाहा. नोव्हेंबर २००० मध्ये मोनोलिथचं ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’, ज्यात केट आर्चर नावाची साठच्या दशकातली स्कॉटिश हेर नायिका आहे. त्याच महिन्यात मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन हौशी पोरांचं ‘काउंटर-स्ट्राइक’ व्हॉल्व्हने खोक्यात घालून विकायला काढलं. अशा गर्दीत आयजीआय तिकडे मागे पडला, आणि इकडे त्याला जे प्रेम मिळालं ते नॉर्वेतही मिळालं नसेल.

असं का झालं, याचं उत्तर २००० सालच्या आसपासच्या मध्यमवर्गीय घरात आहे. बडोद्याचंच बोलतो. दांडिया बाजारातला वाडा असो, रावपुऱ्यातलं जुनं घर असो की कारेलीबागेतली सोसायटी, संगणक घरात आला तो शिक्षणासाठी. कुणाच्या ताईला जावा शिकायचं होतं, कुणाच्या दादाला कलाभवनाच्या, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हवा होता. सयाजीगंजमधल्या ओळखीच्या माणसाकडून सुटे भाग जोडून घेतलेलं यंत्र, बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायला घरात कुणी तयार नसे. ते कशाला लागतं, या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नसे. अशा साध्या यंत्रावर जे गेम चालत तेच आमचे झाले. आयजीआय चालत असे. ‘व्हर्च्युआ कॉप २’ चालत असे. ‘डेल्टा फोर्स’ चालत असे.

गेम यायचे दोन वाटांनी. एक सरळ: ‘चिप’ मासिक आणि २००१ मध्ये त्याचं ‘डिजिट’ झाल्यावर ते, यांच्यासोबत येणाऱ्या सीडीवर नव्या गेमचे नमुने असत. एक मोहीम, कधी दोन. तेवढ्यावर महिना काढायचा. दुसरी वाट चोरीची. एका सीडीवर तीन-चार गेम कोंबलेले, वर निळ्या किंवा काळ्या पेनने नाव लिहिलेलं, किंमत बाहेरच्या चहा-नाश्त्याएवढी. मूळ खोक्याची किंमत घरात उच्चारण्यासारखी नव्हती, आणि मुळात ते खोकं मिळतही नसे. तेव्हा ज्या माणसांच्या कामाला इथल्या मुलांनी इतका जीव लावला, त्यांच्यापर्यंत इथला पैसा जवळपास पोचला नाही. इनरलूप कशाने बुडाला याचा हिशेब मी इथे मांडत नाही, पण हे वाक्य या संग्रहाच्या सुरुवातीलाच असावं असं मला वाटलं. प्रेमाच्या आठवणी लिहिणाऱ्याने ते वगळू नये.

आता मुद्द्याकडे येतो. त्या चोरीच्या प्रती आणि ऑस्लोतून निघालेला गेम एकच नव्हते.

डिस्कवर जागा व्हावी, फोनच्या तारेवरून उतरवता यावा, म्हणून प्रती करणारे गेममधले भाग कापत. आधी संगीत जाई, मग चित्रफिती, मग पात्रांचे संवाद. अशा कापलेल्या गेमला सगळे ‘रिप’ म्हणत. त्यामुळे कुणाच्या गेममध्ये कथा होती, कुणाच्यात नुसत्या मोहिमा. सोबतची पुस्तिका तर कुणाकडेच नव्हती, त्यामुळे कुठलं बटण काय करतं हे एका घरातून दुसऱ्या घरात तोंडी जाई, आणि जाताना त्यात भर पडे. नको त्या गोष्टी पसरत. अमुक भिंतीमागे गुप्त बोगदा आहे, तमुक मोहिमेनंतर विमान उडवता येतं, असं छातीठोक सांगणारी मुलं प्रत्येक गल्लीत होती.

आणि एकट्याने खेळायचा तो गेम इथे एकट्याने खेळलाच गेला नाही. घरात यंत्र एक, भावंडं आणि शेजारची मुलं चार. मग एकाचा हात माउसवर, दुसऱ्याचा कीबोर्डवर, तिसरा नकाशा पाहून सांगणारा. धाकट्याला ‘भोंगा वाजला की ओरड’ एवढंच काम. मराठी घर, गुजराती शेजार, इंग्रजीत बोलणारी ॲन्या. “दादा, थांब, तो वळतोय,” आणि मागून “पाछळ छे, पाछळ छे!” सेव्ह नसणं हा परदेशी समीक्षकांच्या लेखी दोष होता. इथे मधेच वीज जायची, मग दोष दुप्पट व्हायचा, आणि वीज येईपर्यंत चौघं जण जिन्यात बसून पुढच्या वेळी कुठून जायचं ते ठरवायचे. हा खेळ ऑस्लोतल्या कुणी लिहिला नव्हता. तो इथे घडला. स्टुडिओच्या दप्तरात त्याची नोंद असणं शक्य नाही, आणि आता तर दप्तरच उरलेलं नाही.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला प्रतींचा असा पसारा पाहिला की एक जागा आठवणं स्वाभाविक आहे. सयाजीराव महाराजांनी जमवायला लावलेल्या हस्तलिखितांतून १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली, आणि १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. याच संस्थेत १९५१ पासून वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. देशभरातून पोथ्या मागवल्या, कुठल्या पोथीत कुठला श्लोक आहे, कुठला नाही, कुठल्या लेखनिकाने काय वाढवलं, हे ओळीओळीने ताडून पाहिलं. १९६० ते १९७५ या काळात सातही कांडं छापून झाली. त्या कामातली मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट अशी की संपादकांनी गाळलेलं फेकून दिलं नाही. मुख्य पाठात जे बसलं नाही ते तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवलं, कारण केरळच्या किंवा मिथिलेच्या लेखनिकाने वाढवलेला श्लोकही त्या प्रदेशाने रामायण कसं ऐकलं याचा पुरावा असतो.

आयजीआयला मी रामायणाच्या पंक्तीला बसवत नाही. पण पद्धत तीच लागेल असं मला मनापासून वाटतं. परदेशात जुने गेम जपणारे लोक मूळ खोकं, मूळ डिस्क, मूळ पुस्तिका शोधतात, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे मूळ वस्तू जवळपास नव्हतीच. आपल्याकडे होत्या त्या कापलेल्या, जोडलेल्या, नाव चुकलेल्या प्रती, आणि त्यांवर वाढलेलं तोंडी ज्ञान. या प्रती गेल्या तर भारताने हे गेम कसे खेळले याचा पुरावा जातो.

कायद्याची स्थिती इथे मोठी विचित्र आहे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संगणकाचा प्रोग्रॅमसुद्धा येतो. म्हणजे आयजीआयमागची संहिता, त्याचा कोड, कायद्याच्या दृष्टीने कादंबरीच्या शेजारी बसते. दुसरीकडे १९५४ चा कायदा भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे पाठवायला लावतो. गेमची डिस्क मात्र तो मागत नाही. साहित्य म्हणून हक्क आहेत, साहित्य म्हणून कपाट नाही. भारतात बनलेल्या गेमचीही तीच गत. २००२ मध्ये मिताशीने भगतसिंगांवर नेमबाजीचा गेम काढला होता. मुंबईच्या इंडियागेम्सने कारगिलच्या पार्श्वभूमीवर ‘योद्धा’ केला होता. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी पुढे यूटीव्हीकडे आणि २०१२ मध्ये डिस्नीकडे गेली. आज ते गेम खेळून पाहायचे म्हटलं तर जायचं कुठे? ज्या शहरात १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, तिथे हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

अमेरिकेतही फार वेगळं नाही. तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं की २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत. मोनोलिथच्या गेमचंच पाहा. ‘नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर’चा दुसरा भाग २००२ मध्ये आला. त्यात केट आर्चर चक्क कलकत्त्याच्या रस्त्यांवर येते आणि तोंडाला पांढरा रंग फासलेले फ्रेंच मूकनट तिच्यामागे लागतात. भारतातल्या मुलांना तो भाग पाहून झालेला आनंद मी विसरू शकत नाही. हा गेम आज कुठेही विकत मिळत नाही. नाइटडाइव्ह नावाच्या स्टुडिओने २०१४ च्या सुमारास तो पुन्हा काढायचा प्रयत्न केला. हक्क वॉर्नरकडे, ॲक्टिव्हिजनकडे की फॉक्सकडे, हे त्यांनाच नीट सांगता येईना, आणि बोलणी तिथेच संपली. उलट इड सॉफ्टवेअरने ‘डूम’ची संहिता डिसेंबर १९९७ मध्ये सगळ्यांना खुली केली. त्यानंतर जगभरच्या लोकांनी ‘डूम’ जिवंत ठेवलाय, नवनव्या यंत्रांवर तो आजही चालतो. स्टुडिओ बंद होणं वाईट आहेच. पण संहिता कपाटात कुलूपबंद करून स्टुडिओ बंद होणं हे त्याहून वाईट, आणि मोनोलिथच्या बाबतीत माझी खरी तक्रार ही आहे. त्यांच्या ‘शॅडो ऑफ मॉर्डॉर’मध्ये शत्रूला तुमची आधीची भेट आठवते, तो वचपा काढायला परत येतो. या युक्तीचं पेटंट २०२१ मध्ये मंजूर झालं. स्टुडिओ गेला, पेटंट मालकाकडे राहिलं.

‘फिअर’बद्दल दोन शब्द जास्त लिहावेत असं वाटतं, कारण संग्रहातले तीन लेख त्याच्यावर आहेत. ऑक्टोबर २००५ मध्ये तो आला तेव्हा घरच्या यंत्रांवर तो धड चालत नसे. विद्यापीठाच्या होस्टेलमध्ये ज्या एखाद्याकडे चांगलं कार्ड असे त्याच्या खोलीत गर्दी व्हायची. त्यातले शत्रूसैनिक आयजीआयच्या सैनिकांसारखे रांगेने मरायला येत नसत. ते टेबल उलथून आडोसा करत, खिडकीतून उडी मारून मागून येत, एकमेकांना ओरडून तुमची जागा सांगत. जेफ ऑर्किन यांनी २००६ मध्ये या सैनिकांच्या बुद्धीवर निबंध सादर केला, तो आजही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असा आहे. प्रत्येक सैनिकाला फक्त उद्दिष्ट दिलेलं असे. ते गाठायला कुठली कृती कशानंतर करायची याचा बेत तो त्या क्षणी स्वतः आखे. आणि त्यातली खुबी अशी की सैनिक मोठ्याने बोलत असल्यामुळेच ते खऱ्यापेक्षा हुशार वाटत. एकाने “तो कुठे गेला?” विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि खेळणाऱ्याच्या मनात अख्खी तुकडी उभी राहायची. बडोद्यातल्या काही मुलांनी पुढे संगणकशास्त्र घेतलं ते त्या सैनिकांमुळे, असं त्यांनी स्वतः या संग्रहात लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र या आठवणींतून सुटू नये असा मी पहिल्यापासून आग्रह धरला. २००२ साल. २७ फेब्रुवारीला गोध्र्याचं रेल्वे जळीतकांड झालं, आणि त्यानंतर हे शहर पेटलं. १ मार्चच्या रात्री हनुमान टेकरी भागात बेस्ट बेकरी जाळली गेली, चौदा माणसं मारली गेली. बऱ्याच भागांत संचारबंदी होती. शाळा बंद, गल्ल्या ओस. ज्यांच्या घरी संगणक होता ती मुलं त्या दिवसांत आयजीआय खेळत होती. पडद्यावर गोळीबार, आणि आवाज बंद ठेवलेला, कारण बाहेरच्या आवाजाकडे मोठ्यांचे कान लागलेले. गेममधल्या हिंसेने ती हिंसा घडवली असं म्हणणं मूर्खपणाचं ठरेल. ती घडवणाऱ्यांना संगणक माहीत नव्हता की होता, याने काही फरक पडत नाही. पण तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या आठवणीत हे दोन आवाज शेजारी शेजारी आहेत. गोड आठवणींच्या पुस्तकात हे कशाला, असं मला विचारलं गेलं. या शहरातली ती आठवण याच्याशिवाय खरी होत नाही, म्हणून. ज्यांनी त्याबद्दल लिहिलं त्यांचे लेख मी एका शब्दानेही बदललेले नाहीत. काहींनी त्या वर्षानंतर घर बदललं, आणि एका नकाशासमोर बसणारी चार मुलं पुन्हा एका खोलीत आली नाहीत.

सायबर कॅफेंचा काळ त्यानंतरचा. ‘काउंटर-स्ट्राइक’, तासाचे पैसे, ‘दे डस्ट टू’चा नकाशा, पाच विरुद्ध पाच. त्याच्यावर लिहायला पुष्कळांना आवडतं आणि इतर शहरांतूनही ते बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे त्याला मुद्दाम कमी जागा दिली.

आज परिस्थिती पालटली आहे हेही नोंदवलं पाहिजे. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘मास्कगन’ केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. बडोद्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवरच्या सुरतेत ‘स्कारफॉल’ तयार झाला. हे गेम मोबाइलवरचे आहेत, बहुतांशी नेटवर चालणारे, आणि त्यामुळेच त्यांच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. आयजीआयची डिस्क कुणाच्या माळ्यावर सापडू शकते. सर्व्हरवरचा गेम सर्व्हर बंद झाला त्या दिवशी संपतो, त्याची चोरीची प्रतसुद्धा उरत नाही. हे गेम बनवणाऱ्या तरुणांनी आजच आपलं काम कुठेतरी ठेव म्हणून द्यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.

इनरलूपमधल्या काहींनी पुढे ऑस्लोतच आर्टप्लांट नावाचा स्टुडिओ काढला. आयजीआयचा दुसरा भाग २००३ मध्ये कोडमास्टर्सने विकला. त्यात मोजक्या वेळा सेव्ह करता येई, एकमेकांशीही खेळता येई, आणि तरी पहिल्याची माया त्याला मिळाली नाही. २०१९ मध्ये ‘आयजीआय ओरिजिन्स’ या नव्या गेमची घोषणा झाली तेव्हा तिच्याखाली भारतीय नावांची रीघ लागली होती. त्या न आलेल्या गेमची वाट पाहणारे अजून आहेत.

लिहिणाऱ्यांना मी एकच सूचना केली होती: गेमची गोष्ट सांगू नका, तुमच्या प्रतीची सांगा. सीडी कुणी दिली, वर काय लिहिलं होतं, कुठला भाग त्यात नव्हता, कोण कोण शेजारी बसायचं, कोण नकाशा पाहायचं. तपशील एकमेकांशी जुळत नाहीत तिथे मी ते जुळवलेले नाहीत. एकाला यार्डातला पहिला पहारेकरी डावीकडे आठवतो, दुसऱ्याला उजवीकडे. दोन्ही तसेच ठेवले आहेत. मुली खेळत नसत हा समजही या लेखांनी खोडून काढला आहे. बऱ्याच घरांत नकाशा ताईच्या हातात असे, आणि मोहीम पार होई ती तिच्यामुळे.

शेवटच्या भागात प्रतींची यादी आहे, ती अपुरी आहे आणि वाढत राहील. ज्यांच्या घरी त्या काळच्या लिहून घेतलेल्या सीडी असतील त्यांनी त्या टाकू नयेत. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर काळाबरोबर उतरतो, ऊन आणि दमट हवा त्याला लवकर मारते. तेव्हा त्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी उभ्या ठेवाव्यात, वरची हस्ताक्षरातली नावं पुसू नयेत, त्यांचा फोटो काढून ठेवावा, आणि डिस्क वाचता येते तोवर तिच्यात कुठल्या फाइली आहेत, किती मोठ्या आहेत, कुठल्या तारखेच्या आहेत ते लिहून काढावं. ती नोंद आणि घरातल्या कुणाला त्या सीडीबद्दल जे आठवतं ते, एवढं पुढच्या आवृत्तीसाठी हवं आहे.